रघुवीरकाका, व्हायोला आणि फ्रान्झ बेक

रघुवीर टिपणीसांच्या घरी मी पहिल्यांदा गेले, तेव्हा आतल्या खोलीतून कोणीतरी जड कपाट सरकवत असल्यासारखा आवाज येत होता. थोडा थांबायचा, पुन्हा यायचा.

"घरात काही काम काढलंय का?" मी विचारलं.

"काम कसलं, हे वाजवतायत," रेखाकाकू म्हणाल्या, आणि बसल्या जागेवरून ओरडल्या, "अहो, दार लावा! पाहुणे आलेत."

दार लागलं. कपाट मग शेजारच्या घरात सरकायला लागलं.

ही २००२ सालची गोष्ट. माझ्या नवऱ्याला कार्डिफला नोकरी लागली होती आणि आम्ही नुकतंच तिथल्या रोथ भागात भाड्याने घर घेतलं होतं. इथल्या मराठी माणसांनी तेव्हा लग्नाची एक पंगतही भरली नसती. त्यांत सगळ्यांत जुनं घर टिपणीसांचं. रघुवीरकाका ठाण्याचे. चौऱ्याहत्तर साली इथल्या हॉस्पिटलमध्ये एक्स-रे विभागात लागले आणि तिथूनच निवृत्त झाले. उंच, किंचित वाकलेले, बोलणं हळू. कोणाशीही बोलताना मान जरा डावीकडे कललेली. मला वाटलं, ऐकू कमी येत असेल. नंतर कळलं की तीस वर्षं हनुवटीखाली लाकूड धरून मानेला तीच सवय लागली आहे.

ठाण्याला असताना ते व्हायोलिन शिकले होते, पण आपल्या पद्धतीने, सतरंजीवर मांडी घालून, वाद्याचं डोकं पायाच्या घोट्यावर टेकवून. इथे आल्यावर एका चॅपेलमध्ये दर मंगळवारी हौशी लोकांचा ऑर्केस्ट्रा जमतो असं कळलं, म्हणून वाद्य घेऊन गेले. तिथे ऑर्केस्ट्रा चालवणाऱ्या मिसेस हॉपकिन. तेव्हा त्या शाळेत संगीत शिकवायच्या. त्यांनी काकांचं वाजवणं ऐकलं आणि म्हणाल्या, "छान. पण व्हायोलिनवाले माझ्याकडे पोत्याने आहेत. व्हायोला वाजवशील का?" आणि कपाटातून एक व्हायोला काढून हातात दिली.

"पहिले सहा महिने," काका सांगायचे, "माझा उजवा पाय खुर्चीवर बसल्या बसल्या आपोआप वर यायचा. शेजारची बाई घाबरून खुर्ची लांब न्यायची."

व्हायोला म्हणजे व्हायोलिनची थोरली बहीण. अंगाने मोठी, आवाजाने घोगरी. आणि घरातल्या थोरल्या बहिणीसारखंच तिचं काम कोणाच्या नजरेत येत नाही. ती एक दिवस नसली, की मात्र घराचा तोल जातो. हे सगळं मला काकांनी समजावलं. मी बी.ए.ला इतिहास घेतला होता. संगीतातलं मला एवढंच कळायचं, की आवडलं किंवा नाही आवडलं.

काकांना आवडायचा तो फ्रान्झ बेक.

हे नाव मी कधी ऐकलं नव्हतं. इथल्या लोकांनीही ऐकलेलं नव्हतं, म्हणून मला फार कमीपणा वाटला नाही. काकांना तो सापडला डार्करूममध्ये. तेव्हा एक्स-रेच्या फिल्म अंधाऱ्या खोलीत धुवाव्या लागत. तिथे काकांचा एक छोटा रेडिओ असे. एका दुपारी हात औषधाच्या पाण्यात असताना रेडिओवर काहीतरी सुरू झालं, आणि काका फिल्म पाण्यातून काढायचीच विसरले. "अगं मंजिरी, सूर एका बाजूला चाललेत असं वाटावं, आणि एकदम जमीनच बदलावी. मोठ्या आवाजाच्या ऐन मध्यात सगळे गप्प. आणि मधल्या वाद्यांना, म्हणजे आम्हाला, स्वतःचं काहीतरी म्हणायला दिलेलं! त्या काळात व्हायोला म्हणजे नुसती खालच्या वाद्यांच्या पावलावर पाऊल टाकून चालायची." शेवटी निवेदकाने नाव सांगितलं, तेव्हा अंधारात लिहून घ्यायला काही नव्हतं. 'बेक, बेक' असं घोकतच ते बाहेर आले. ती फिल्म वाया गेली आणि पेशंटचा पाय पुन्हा मशीनखाली ठेवावा लागला.

पुढे बऱ्याच वर्षांनी लायब्ररीत त्याची सीडी मिळाली आणि सीडीबरोबरच्या पुस्तिकेत त्याची कहाणी. ती कहाणी काका आल्यागेल्या प्रत्येकाला सांगत. बेक जर्मनीतल्या मानहाइमचा. तरुणपणी त्याचं कोणाशी तरी द्वंद्व झालं. समोरचा पडला. आपल्या हातून माणूस मेला या भीतीने बेक देश सोडून पळाला, इटलीत राहिला, मग फ्रान्समध्ये. सगळं आयुष्य बाहेरच गेलं. आणि म्हणतात, की कित्येक वर्षांनी त्याला कळलं, तो माणूस मेलाच नव्हता. मेल्याचं सोंग करून पडला होता.

"आणि तोवर ह्या बिचाऱ्याला कोणी एक चिठ्ठी टाकून कळवलं नाही?" रेखाकाकू दर वेळी तेवढ्याच चिडून विचारत.

रेखाकाकू स्वतः कधी काकांच्या कार्यक्रमाला जात नसत. कार्यक्रमाच्या दिवशी काकांचा काळा कोट ब्रशने झाडून देत, शर्टाची कॉलर कडक इस्त्री करत, डब्यात दोन गुळपोळ्या ठेवत, आणि दारातून परत फिरत. मला आधी वाटलं, आवड नसेल. पण गाण्याची आवड नसलेली बाई भाजी चिरताना अख्खी नाट्यपदं तानांसकट म्हणत नाही. एकदा आम्ही दोघी चकल्या घालत बसलो होतो, तेव्हा मी सरळच विचारलं.

"गेले होते ना," त्या सोऱ्या फिरवत म्हणाल्या. "एकोणऐंशी साली. नवी कोरी नारायणपेठी नेसून पहिल्या रांगेत. एक हळू भाग सुरू झाला, आणि त्यात एक अशी काही जागा आली, की माझ्या तोंडून 'वा!' निघून गेलं. मोठ्याने. आता आमच्याकडे गवई अशा वेळी 'वा' आली नाही तर रुसतो. इथे अख्खी रांग वळून बघायला लागली. एका बाईने तोंडावर बोट ठेवलं. तरी मला अक्कल नाही. तो भाग संपला तशी मी टाळ्या वाजवल्या. इथे सगळे भाग संपेपर्यंत टाळी वाजवायची नसते म्हणे. दोन वाजल्या. फक्त माझ्याच. तिसरी हातातच राहिली."

"मग?"

"मग काय! ह्यांच्याकडे बघायचीही लाज वाटली. ह्यांची माणसं ती, ह्यांना तिथे दर मंगळवारी तोंड दाखवायचं. म्हटलं, आपण घरीच बरे."

चकली मोडली. ती तोंडात टाकून त्यांनी विषय बदलला.

काका मात्र मिसेस हॉपकिनच्या मागे लागले होते, एकदा बेकची एक सिंफनी करू या. कमिटीचं उत्तर ठरलेलं. बेकला कोण येणार? लोक ओळखीच्या नावाला येतात. हे पुष्कळ वर्षं चाललं. मग २००५च्या शेवटी काकांच्या डाव्या हाताची करंगळी आखडायला लागली. डॉक्टर म्हणाले, संधिवात, आता हे वाढतच जाणार. काकांनी मिसेस हॉपकिनना सांगितलं, की पुढच्या उन्हाळ्यापासून मी मागच्या खुर्चीवर बसेन, जमेल तेवढं वाजवेन. त्यांनी काकांचा तो हात हातात घेऊन पाहिला. मग म्हणाल्या, "रघू, तू मला पन्नास माणसं आणून दे, मी तुला तुझा बेक देते."

काका त्या संध्याकाळी आमच्याकडे आले ते पोरासारखे लाल होऊन. "आपलं मंडळ! आपल्या माणसांनी एकदा ऐकावं, एवढंच." 'आपल्या माणसांनी' म्हणताना ते माझ्याकडे बघत होते, पण कोणाबद्दल बोलत होते ते मला कळलं. घरी गेल्यावर त्यांनी रेखाकाकूंनाही सांगितलं. काकू म्हणाल्या, "पन्नास माणसं येणार तर मध्यंतरात खायला काय देणार? बिस्किटं? वडे मी करते." झालं. न येण्यासाठी एवढं चांगलं कारण दुसरं कुठलं मिळणार! वड्यांना कोणी नाही म्हणत नाही.

इथल्या मराठी मंडळाचा सेक्रेटरी संजय. तो ईमेल पाठवायच्या आधी काकांना म्हणाला, "काका, सात वाजता सुरू होणार ना? मग मी सहा लिहितो."

"का?"

"सात लिहिलं तर आठला येतील हो. आपलं मंडळ आहे."

"नको रे. खोटी वेळ सांगून आणलेल्या माणसाला काय ऐकवायचं? सात म्हणजे सात लिही."

संजयने लिहिलं, 'ठीक सात वाजता'. आता आमच्या मंडळाचं प्रत्येक आमंत्रण 'ठीक'नेच सुरू होतं. गणपतीला ठीक पाचची आरती साडेसहाला होते आणि कोणाला त्यात काही वावगं वाटत नाही.

आणि बेक होता कार्यक्रमात सगळ्यांत पहिला. अनोळखी माल आधी, ओळखीचा नंतर, ही मिसेस हॉपकिनची जुनी रीत. म्हणजे नंतरच्यासाठी आलेल्याला आधीचं ऐकावंच लागतं.

मार्चमधला शनिवार होता. माझा नवरा वेळेवर पोचला, कारण त्याला वडे तळायच्या घरात थांबायचं नव्हतं. मी रेखाकाकूंबरोबर त्यांच्या स्वयंपाकघरात. सव्वासहाला पीठ संपलं, सारण संपलं, तरी काकू एकेक वडा झाऱ्यावर धरून निथळत बसलेल्या. एरवी या बाईचा हात असा चालतो, की कढईला दम लागतो.

"काकू, निघू या ना."

"हो गं. तेलकट नकोत. इंग्रज लोकांना तेलकट चालत नाही."

"तो बेक पहिलाच आहे."

"माहितेय मला." त्यांनी पुन्हा एक वडा उलटा केला. "आपण मध्यंतरापर्यंत पोचलो म्हणजे झालं."

मी गॅस बंद केला. त्यांनी झारा खाली ठेवला. ट्रे गाडीत ठेवले, मोठा स्टीलचा डबा त्यांनी मांडीवर घेतला, आणि आम्ही चॅपेलपाशी पोचलो तेव्हा सात वाजून गेले होते.

पोर्चमध्ये आमचं अख्खं मंडळ उभं! संजय, त्याची बायको, कोणाचे आईवडील, कोणाची पोरं. आत जायचं लाकडी दार बंद, आणि दारापुढे डिल्विन. तीसेक वर्षं त्या ऑर्केस्ट्राचं दार सांभाळणारा सत्तरीचा गृहस्थ, हात बांधून.

"एकदा सुरू झालं की पीस संपेपर्यंत मला दार उघडता येत नाही," तो दबक्या आवाजात संजयला सांगत होता. "एकटादुकटा असता तर सोडला असता. ही तर मिरवणूक आहे."

"पण आम्ही ह्याच पीससाठी आलोय!"

"मग वेळेवर यायचं होतं, सर."

एक आजोबा म्हणाले, "बघा, मी म्हणत होतो." ते काहीच म्हणत नव्हते.

आतलं मला नंतर नवऱ्याने सांगितलं. नेहमीची वीस-पंचवीस डोकी, बाकी खुर्च्या रिकाम्या. काकांनी एकदा दाराकडे पाहिलं, एकदा त्या खुर्च्यांकडे, आणि मग डोळे समोरच्या कागदावर ठेवले ते उचललेच नाहीत.

बाहेर आम्हाला दारातून गाळून ऐकू येत होतं. पहिला भाग धावत आला, अडला, उसळला. काका म्हणायचे तसा मध्येच एकदम गप्प झाला, तर संजयला वाटलं संपलं, आणि त्याने दाराला हात घातला. डिल्विनने तो हात अलगद बाजूला केला. मग खरंच थांबलं. क्षणभराने हळू भाग सुरू झाला. त्यात पितळी शिंगं गप्प असतात, नुसत्या तारा वाजतात. वड्यांचा वास, ओले कोट, कोणाचं तरी पोर कुजबुजतंय, आणि त्यातून ते सूर.

रेखाकाकू डबा छातीशी धरून दाराजवळ सरकल्या. माझ्यापुढून, संजयपुढून, थेट डिल्विनच्या कोपरापाशी. कान दाराला.

"मंजिरी," त्या म्हणाल्या. आवाज वेगळाच. "अगं, हे आमच्या घरचं आहे."

"काय?"

"हेच. खालून चाललंय ते. हे रोज दार लावून वाजवतात ते!" त्यांनी बोटाने हवेत एक रेघ ओढली, हळूहळू खाली येणारी. "चार महिने ऐकतेय. मला वाटायचं, एकच एक कुंथणं काय हे, ना धड सुरुवात ना शेवट. आता इथे वर जाईल, बघ... गेलं! अगं, वरच्या वाद्यांचं सगळं ह्याच्यावर उभं आहे गं!"

मला त्या गुंत्यातून व्हायोला वेगळी ऐकू येणं शक्यच नव्हतं. आत बसलेल्यांपैकी कोणाला येत असेल असंही वाटत नाही. पण ह्या बाईला तो पार्ट आमटीच्या फोडणीसारखा पाठ होता. पुढचा सूर यायच्या आधी तिची मान हलत होती. डिल्विन तिच्याकडे बघत राहिला. मग त्याने पाठीमागे हात नेऊन दार बोटभर उघडलं, आणि आपण काही केलंच नाही अशा चेहऱ्याने छताकडे पाहू लागला.

फटीतून एवढंच दिसत होतं: एका खांबाची कड, एक काळी बाही, आणि पुढेमागे जाणारा गज.

हळू भाग संपला, मग नाचाचा भाग झाला, मग शेवटचा पळता भाग, आणि आत तुरळक टाळ्या पडल्या. डिल्विनने दोन्ही दारं उघडली. मंडळ आत घुसलं, साड्या, कोट, पिशव्या, 'सॉरी', 'एक्स्क्यूज मी'. ऑर्केस्ट्रा उभा राहून वाकत होता आणि त्यांच्या डोळ्यांदेखत रिकामा हॉल भरत होता. काका सगळ्यांबरोबर वाकले. वर आले तेव्हा त्यांना आम्ही दिसलो. हसले. मला ते हसणं बघवेना. पन्नास माणसं आली होती, आणि बेक संपला होता.

मी वड्यांचे ट्रे घेऊन मागच्या किचनकडे वळले. काकू माझ्यामागे असतील असं धरून चालले होते. मागे बघते, तर काकू मधल्या वाटेत उभ्या. डबा तसाच छातीशी. टाळ्या विरत होत्या, आणि त्या विरलेल्या जागेत त्यांचा आवाज खणखणीत आला.

"वन्स मोअर!"

सगळ्या माना वळल्या. एकोणऐंशी साली वळल्या असतील तशाच. काकूंच्या गळ्याशी लाली चढलेली मला दिसत होती, पण पाय हलले नाहीत.

मिसेस हॉपकिननी चष्मा कपाळावर चढवला. "वन्स मोअर काय, कॅरियाड?" कॅरियाड म्हणजे इथल्या लोकांचं 'बाळा'.

"द स्लो वन," काकू म्हणाल्या. "प्लीज. वी वर आउटसाइड. आय हर्ड माय हजबंड थ्रू द डोअर. आय वॉन्ट टू सी."

कोणीतरी हसलं. एक शिंगवाला शेजाऱ्याला म्हणाला, "हळू भाग असेल तर माझी काही हरकत नाही, मला त्यात सुट्टी आहे." मग बरेच जण हसले. आमच्या मंडळातल्या त्या आजोबांना तर जुनं रंगमंदिर आठवलं असावं. त्यांनीही एक "वन्स मोअर!" ठोकून दिला, आणि पाठोपाठ संजयने.

मिसेस हॉपकिननी घड्याळाकडे पाहिलं, मग रघुवीरकाकांकडे. काका मान खाली घालून एक खुंटी पिळत होते. ती पिळायची काही गरज नव्हती हे मलाही कळत होतं.

"त्या काळी लोक असंच मागायचे," त्या हॉलला म्हणाल्या. "आवडला भाग की पुन्हा वाजवायला लावायचे. आपण फार शहाणे झालोय. बसा सगळे. आणि डिल्विन, आता दार लाव."

काकू पहिल्या रांगेत बसल्या, व्हायोलांच्या बाजूला. डबा मांडीवर. मी शेजारी. हळू भाग पुन्हा सुरू झाला आणि त्यांनी माझं मनगट धरलं. त्यांची ती खाली येणारी रेघ आली की त्या दाबत, आणि तेवढ्यापुरतं मलाही ऐकू येई. घोगरं, ठाम, कोणाच्या पुढे पुढे न करणारं. काकांची करंगळी एका सुराला जरा उशिरा पोचली. काकूंनी ओठ चावला. मग ती जागा आली जिथे सगळं वर जातं. मी वाट बघत होते, आता 'वा' येणार. आली नाही. नुसता एक श्वास आत घेतला त्यांनी, आणि मला वाटतं काकांपर्यंत तो पोचला, कारण गज चालू असतानाच त्यांनी पहिल्यांदा वर बघितलं.

शेवटचा सूर गेला. काकूंनी डबा माझ्या मांडीवर ठेवला आणि टाळ्या वाजवल्या. एक, दोन. तिसरीला डिल्विन मागून सामील झाला, आणि मग सगळा हॉल.

मध्यंतरात वडे दहा मिनिटांत संपले. तेलकट नव्हते. काकूंनी डिल्विनला बाजूला घेऊन विचारलंच, "एकोणऐंशी साली एका बाईने मध्येच टाळ्या वाजवल्या होत्या, आठवतं?"

डिल्विनने वडा गिळला, विचार केला. "नाही बुवा. कोणी?"

"कोणी नाही," काकू म्हणाल्या. मग काकांकडे वळून मराठीत, चांगल्याच रागाने, "एवढी वर्षं ज्याच्यासाठी मी घरात बसले, ते कोणाच्या लक्षातही नाही!"

काका चहाचा कप हातात घेऊन म्हणाले, "बेकचंही तेच झालं."

"तुम्ही तरी सांगायचं होतं!"

"मी सांगितलं होतं. पहिल्याच रात्री. तू डोक्यावरून पांघरूण घेतलं होतंस."

काका आता मागच्या खुर्चीवर बसतात. जमेल तेवढं वाजवतात, न जमेल तिथे गज हवेत फिरवतात. शेजारची बाई सांभाळून घेते. मागच्या महिन्यात मी त्यांच्याकडे लोणच्याची बरणी परत द्यायला गेले होते. काका आतल्या खोलीत, नव्या कार्यक्रमाची तयारी. कोणीतरी फार मोठा, नावाजलेला संगीतकार आहे म्हणे. दार सताड उघडं. काकू ओट्यापाशी मेथी निवडत ऐकत होत्या, कपाळाला आठ्या.

"अहो," त्यांनी तिथूनच हाक मारली, "ह्या माणसाने तुम्हाला काहीच दिलेलं नाहीये. नुसतं टुक टुक. तुमचा तो बेक बरा होता!"

आतलं वाजणं थांबलं. "कमिटीला सांगू का तसं?"

"सांगा," काकू म्हणाल्या. "आणि म्हणावं, ह्या वेळी वडे हवे असतील, तर बेक ठेवा, आणि तोही मध्यंतरानंतर."